प्रेरीवरच्या लांब संध्याकाळी

पौषात सांबा भाताची कापणी सुरू झाली की तंजावूरहून आमच्या गावाकडे जाणारा डांबरी रस्ता निम्मा भाताचा होतो. एका अंगाला भात वाळत घातलेलं, त्याच्या कडेनं दगडांची ओळ, आणि उरलेल्या अर्ध्यातून बस, मोपेड, बकऱ्या आणि आपण. बायका अनवाणी पायांनी भात ढवळत पुढं जातात. काल आम्ही नवरा-बायको रिक्षानं शेताकडं निघालो, तर पुढं कापणीचं यंत्र आलं. ते सगळा रस्ता अडवून बैलाच्या चालीनं चाललेलं, मागं आमची वरात. रिक्षावाला तमिळमध्ये त्या यंत्राच्या आईबापांचा उद्धार करत होता. माझे यजमान, ज्यांना मी जन्मभर 'हे' म्हणत आले, ते यंत्राकडं बघत म्हणाले, "तिकडलं याच्या तिप्पट होतं. नाही?" मी म्हटलं, "हो."

तिकडलं म्हणजे प्रेरीवरलं. तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आमच्या मुलानं, माधवनं, आम्हाला घरासारख्या मोठ्या गाडीतून अमेरिकेच्या त्या सपाट मुलखातून फिरवून आणलं. तेव्हापासून इकडं कापणी आली की मला ती सहल आठवते. आठवते म्हणजे चित्रं दिसतात. त्या चित्रांबरोबर काहीतरी वाटायला पाहिजे, ते वाटत नाही. पूर्वी मी असली बाई नव्हते. शाळेच्या संमेलनात पोरी नाचल्या तरी माझ्या डोळ्यांना पाणी यायचं, आणि शिक्षकांच्या खोलीत त्यावरून माझी चेष्टा व्हायची.

मी भूगोल शिकवायची. तंजावूरच्या मुलींच्या शाळेत वर्षानुवर्षं 'समशीतोष्ण गवताळ प्रदेश' हा धडा शिकवला. फळ्यावर एक आडवी रेघ मारायची, तिच्यावर धान्याचं एक उंच कोठार काढायचं, आणि पोरींना सांगायचं, इथं माणसाच्या उंचीचं गवत असतं. प्रत्यक्षात गेले तर गवताचा पत्ता नाही. मका, सोयाबीन, मका, सोयाबीन, मग गहू. फक्त माझी ती आडवी रेघ तेवढी खरी निघाली. (मराठी मात्र मी शाळेत शिकले नाही. आई बडोद्याची, तिनं हट्टानं बाराखडी गिरवून घेतली, म्हणून हे असं लिहिता येतं. आमच्या गल्लीतली बाकीची मराठी घरं मराठी बोलतात आणि वाचतात तमिळ.)

माधव शिकागोजवळ राहतो. त्याची बायको वैदेही आमच्यातलीच, मद्रासची. तिचे आजोबा आमच्या गल्लीतून तिकडं गेलेले. माधव-वैदेहीची मुलगी मीनू तेव्हा सात वर्षांची होती. आम्ही पोचलो आणि आठवड्यात माधव ती भाड्याची गाडी घेऊन दारात उभा. आत शेगडी, फ्रिज, बाकाचा पलंग होणारं जेवणाचं टेबल, मागं एक बिछाना, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर एक माळा. माळ्यावर मीनू आणि मी. शेगडीपासून हातभर अंतरावर संडास. ह्यांनी दार उघडून पाहिलं आणि पुन्हा लावलं. "हें घर अनाचाराचं अहे," म्हणाले, "पण चाक लावलेलं अहे, म्हणून दोष नाहीं." हे शेतीखात्यात अधिकारी होते. दोष कुठं लागतो आणि कुठं लागत नाही, याचे नियम ते सरकारी परिपत्रकाच्या थाटात काढतात.

मी शहाणी, गाडीत स्वयंपाकघर आहे हे माहीत असून आदल्या दिवशीच पुळियोदरै, म्हणजे चिंचेचा भात, आणि दहीभात बांधून घेतला होता. प्रवासाला निघताना भात बांधायचा ही आमची रीत. शेगडी बरोबर असली म्हणून ती मोडायची कशाला? आयोवा संपेपर्यंत आम्ही चिंचेचा भातच खात होतो. खिडकीतून मका धावत होता. मीनू माझ्या मांडीवर पाय टाकून, भाताबरोबरच्या तळणाकडं बोट दाखवून विचारायची, "अज्जी, व्हॉट इज धिस कॉल्ड?" मी सांगायची, वडियं. मी सांगायची, सांडगे. तिला मराठी सगळं कळायचं, तोंडातून मात्र इंग्रजी यायचं. कधीतरी एखादा मराठी शब्द निसटला की ती स्वतःच हसायची.

त्या गाडीत मला दिसलं ते एवढंच, की माधव आणि वैदेही एकमेकांशी फार गोड वागत होते. तो म्हणायचा, "पाणी देशील, प्लीज?" ती द्यायची. तो म्हणायचा, "थँक्स." वळण चुकलं तरी कुणी आवाज चढवायचं नाही. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांनी मला कधी थँक्स म्हटलेलं नाही, आणि चुकलेल्या वळणावरून आम्ही त्रिचीपर्यंत भांडत गेलेलो आहोत. मी ह्यांना म्हटलं, "बघा, शिका जरा. किती मर्यादेनं बोलतात दोघं." हे म्हणाले, "रेलगाडींत शेजारच्याशीं आपण असंच बोलतों." मी ह्यांना गप्प बसवलं. चांगलं म्हणून पाहायचं नाहीच, हा ह्यांचा जुना स्वभाव.

आता त्या संध्याकाळी. त्यांच्याबद्दल लिहायचं म्हणूनच खरं तर बसले आहे.

ह्यांचा नेम असा, की सायंसंध्या झाल्याशिवाय जेवत नाहीत. आणि हे जेवल्याशिवाय घरातलं मोठं माणूस जेवत नाही. तंजावूरला यात काही अडचण नसते. इथं सूर्य शहाण्यासारखा साडेसहाला जातो. प्रेरीवर जुलैमध्ये तो नऊ वाजले तरी आभाळात बसलेला. माधव म्हणाला, "अप्पा, घड्याळ बघून करा की." हे म्हणाले, "अर्घ्य घड्याळास देत नाहींत, माधवा." झालं. मग रोज गाडी मुक्कामाला लावायची, पाण्याची नळी जोडायची, स्वयंपाक झाकून ठेवायचा, आणि पाच घडीच्या खुर्च्या पश्चिमेकडं तोंड करून मांडायच्या. सूर्य मावळायची वाट बघत अख्खं कुटुंब भुकेलं बसलेलं. शेजारच्या गाड्यांतले लोक मांस भाजत असत, त्यांना वाटत असावं की ही माणसं निसर्गाची फार रसिक आहेत.

पोरांना सूट असते, पण मीनू जेवायची नाही. तिनं आजोबांची चाकरी पत्करली होती. तांब्याचं पंचपात्र आणि पळी मांडीवर धरून ती त्यांच्या शेजारी बसायची आणि डोळे बारीक करून क्षितिजाकडं बघायची. त्या सपाटीवर सूर्य जमिनीला कधी टेकतो ते अगदी नेमकं दिसतं, मध्ये झाड नाही की डोंगर नाही. तो टेकला की ती ओरडायची, "टेकला! आजोबा, टेकला!" इतकं स्वच्छ मराठी तिच्या तोंडून दिवसभरात एवढंच. हे उठायचे. आम्ही बाकीचे पानं घ्यायला धावायचो.

त्या संध्याकाळी किती लांब होत्या हे मला सांगता येत नाही. उजेड काही केल्या हलायचा नाही. गव्हाच्या कापलेल्या धांडांवर तो पिवळा पडून राहायचा, लांबवर धूळ उडवत यंत्रं चालायची, आणि आम्ही बसलेलो. मी मीनूची वेणी घालायची, सोडायची, पुन्हा घालायची. कुणाला काही बोलायचं असेल तर त्याहून जास्त वेळ देवानं कुणाला दिला नसता.

नेब्रास्कातल्या एका मुक्कामावर माधवनं आपली खुर्ची ओढून माझ्याजवळ आणली. वैदेही पलीकडं ताटलीत काकडी चिरत होती. माधव म्हणाला, "आई, अप्पा, तुम्हां दोघांस एक सांगायचं होतं." वैदेहीची सुरी थांबली. ती मान वर न करता बसली होती, आणि तिचे कान लाल झाले होते. मी हे नीट पाहिलं. इतक्यात मीनू ओरडली, "टेकला!" हे पळी घ्यायला उठले. माधव म्हणाला, "अप्पांचं होऊं दे. मग सांगतों." वैदेही पुन्हा काकडी चिरायला लागली. मग जेवणं, मग भांडी, मग मीनूला झोप आलेली. ते राहूनच गेलं.

पण मला काय ते कळलं होतं. निदान मला तसं वाटलं. सून मान खाली घालते, तिचे कान लाल होतात, मुलगा दोघांना मिळून सांगायचं म्हणतो, यातून आमच्याकडच्या कुठल्याही बाईनं जो अर्थ काढला असता तोच मी काढला. मीनूच्या पाठीवर काहीतरी आहे. आणि आमच्याकडं अशी गोष्ट तिसरा महिना सरेपर्यंत कुणी विचारत नाही. विचारलं तर दृष्ट लागते. सून सांगेल तेव्हा ऐकायचं, तोवर डोळे उघडे आणि तोंड बंद. मी ह्यांनाही बोलले नाही.

मग मी जे केलं ते आठवलं की आपलेच हात दुसऱ्या कुणाचे असावेत तसे दिसतात. मी वैदेहीला पाण्याची नळी उचलू दिली नाही. तिच्या पानावर चिंचेचा भात जास्त वाढला, वर लिंबाचं लोणचं. ती म्हणायची, "आई, पुरे की." मी म्हणायची, "खा गे, अत्तां तुला होणा." आमच्या बोलीत होणा म्हणजे हवं. मागचा बिछाना हलतो म्हणून तिला टेबलाच्या पलंगावर एकटीला निजवलं, म्हटलं पाय पसरून नीज. ती आपली उशी घेऊन आली. एका दुपारी गाडी पेट्रोलला थांबली असताना ती आत शेगडीपाशी उभी राहून रडत होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "होतं असं," मी म्हटलं, "पहिल्या वेळेसही तुला असंच झालेलं." ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं माझा हात धरला, आणि बराच वेळ धरून ठेवला. त्या वेळी मला फार बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं मला अजून आठवतं, कारण त्यानंतरचं तसलं काही आठवायला नाही.

साउथ डकोटापर्यंत गेलो, परत आलो. माधवनं आणखी एकदा खुर्ची जवळ ओढली होती, तेव्हाही सूर्य टेकला. आम्ही तंजावूरला परतलो. मी मऊ झालेली एक जुनी नऊवारी धुऊन, घडी करून कपाटात बाजूला ठेवली. बाळाला दुपटी लागतात. आणि फोनची वाट बघत बसले.

फोन कार्तिकात आला. बाहेर पाऊस कोसळत होता, गल्लीत पाणी. माधव म्हणाला, "आई, बसलीस का? अप्पांसही बोलाव." मी स्वयंपाकघरातून ओरडले, "अहो, या, या लवकर!" आणि फोन मोठ्या आवाजावर लावला. मी हसत होते. हे टॉवेलला हात पुसत आले. माधव म्हणाला की तो आणि वैदेही वेगळे होताहेत, कागद झाले आहेत, भांडण नाही, दोघांनी ठरवून केलं आहे. मीनू आईबरोबर राहील, वैदेहीला टेक्सासमध्ये नोकरी मिळाली आहे. सुट्टीतले काही दिवस मीनू त्याच्याकडं येईल. "सहलींतच सांगायचं म्हणून ती गाडी घेतलेली, आई," तो म्हणाला. "जमलं नाहीं."

मी म्हटलं, "जेवलास का?"

माझ्या तोंडून तेवढंच निघालं. फोन ठेवला आणि मी शेवग्याचा पाला निवडत होते तो पुढं निवडायला घेतला. हे दाराशी उभे होते. त्या दिवशी त्यांनी संध्या केली की नाही मला माहीत नाही, पण जेवायला कुणी बसलं नाही. मला रडू येईल म्हणून मी वाट पाहिली. शेजारच्या कमलाक्कांना रडू आलं, त्या माझ्या गळ्यात पडून रडल्या, आणि मी त्यांना कॉफी करून दिली. दात काढायच्या आधी सुई देतात, मग हिरडी आपली असून आपली नसते, आपण जिभेनं चाचपत राहतो. तसं झालं. दुसऱ्या दिवशी उतरेल असं वाटलं. ते उतरलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात मी ती नऊवारी गच्चीवर पसरून तिच्यावर वडियं घातली. चांगली वाळली.

दोन माणसांचं पटलं नाही, ते समजण्याइतकी मी शिकलेली आहे. माझी गोष्ट वेगळी आहे, आणि ती मी कुणाला बोलून दाखवलेली नाही. मला मीनूचं काय ते कळत नाही. आम्हाला एकच मुलगा, त्याची एकच मुलगी. ती आमची राहणार की आम्ही तिच्या वडिलांच्या गावाकडचे कुणी म्हातारे होणार? पहिल्या वर्षी व्हिडिओवर दर रविवारी यायची. मग माधवकडं असली की यायची. मग कधीतरी. तिच्या तोंडातले ते दोन-चार मराठी शब्द कुठं गेले असतील, याचा मी विचार करते आणि काही न वाटता करते. हेच मला बरं लक्षण दिसत नाही.

एकदा मी ह्यांना म्हटलं, "तुमची संध्या नसती तर तिथंच कळलं असतं." मनाला लागावं म्हणून म्हटलं, भांडण व्हावं म्हणून. हे भांडले नाहीत. म्हणाले, "कळून काय करणार होतीस?" मी म्हटलं, "रडलें असतें." हे म्हणाले, "तिकडं रडायास जागा फार होती, खरं." आमच्यात हल्ली असं बोलणं होतं. आम्हीही मर्यादेनं बोलायला लागलो आहोत.

गेल्या आठवड्यात, भोगीच्या आधी, वैदेही आली. मद्रासला आईकडं आली होती, तिचा निरोप आला, "मीनूस दोन दिवस घेऊन येतें. चालेल ना, आई?" अजून आईच म्हणते. मीनू दहा वर्षांची झाली आहे, उंच, चष्मा लागलेला. वैदेही मात्र घरी उतरली नाही. बस स्टँडजवळ लॉजमध्ये खोली घेतली. "तुम्हांस अडचण नको," म्हणाली. मीनूला सोडून गेली आणि दोन दिवसांनी न्यायला आली. त्या दोन दिवसांत मीनू शहाण्यासारखी वागली. जे वाढलं ते खाल्लं, आपलं पान आपण उचललं. झोपायच्या आधी दिवा मालवू का म्हणून विचारलं. आजोबांच्या संध्येच्या वेळी ती फोन बघत होती. त्यांनी हाक मारली नाही.

निघायची वेळ झाली. आमच्या घरची एक रीत आहे. परघरची बाई किंवा मुलगी निघाली की आम्ही तिला उभं करून कुंकू लावतो आणि हातात विडा देतो, पानं, सुपारी, केळं, जमलं तर खण. घरच्या बाईला देत नाही. ती जाताना देवाजवळच्या करंड्यातून आपलं कुंकू आपण लावून घेते आणि चालू पडते, कारण ती काही जात नसते. मी सकाळपासून स्वयंपाकघरात पानं पुसून ताटलीत ठेवली होती. वैदेहीला ती द्यायची की नाही, मला ठरवता येत नव्हतं. दिली तर आम्ही तिला परकी केली. न द्यावी, तर ती आता घरची कुठं आहे? ताटली घेऊन मी दाराशी येऊन उभी राहिले. हे रिक्षावाल्याशी बोलायचं निमित्त करून बाहेर गेले.

वैदेहीनं ताटलीकडं पाहिलं. मग ती आत देवाकडं गेली, करंडा उघडला, करंगळीनं कुंकू घेऊन लावलं, करंडा जागेवर ठेवला आणि मला वाकून नमस्कार केला. "येतें, आई," म्हणाली, आणि चपला घालायला पायऱ्या उतरली. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. इतक्या दिवसांनी आलं, मी त्याला ओळखलंसुद्धा नाही.

मग मीनू पुढं आली. तिनं चष्मा सारखा केला आणि मद्रासच्या आजीनं शिकवलं असणार तशी, ओंजळ करून, दोन्ही हात माझ्यापुढं धरले. मान थोडी खाली. कपाळ माझ्यापुढं, कुंकू लावायला सोपं जावं म्हणून. कुणाच्याही घरून निघताना चांगल्या घरातली मुलगी धरते तसे स्वच्छ हात होते.

मी तिला कुंकू लावलं. पानं, सुपारी, केळं तिच्या ओंजळीत ठेवलं. काही सांडू नये म्हणून तिची बोटं मी माझ्या हातानं मिटली, आणि ती जपून एकेक पायरी उतरत गेली.